चौपन्नाचे चौऱ्याऐंशी

छबूबाईला गावात कुणी काही विचारत नव्हतं. तिच्या जन्माची कथा या एका वाक्यात संपत होती आणि तिनं ती कधी तक्रार म्हणून सांगितलीही नाही. राणीसावरगावच्या अलीकडे डोंगराच्या पायथ्याला असलेल्या त्या गावात ती सून म्हणून आली. मूल झालं नाही. नवरा वैजीनाथ विहिरीतली मोटर वर काढताना शॉक लागून गेला. तेव्हापासून छबूबाई म्हणजे लग्नघरात मागच्या दारानं बोलवायची बाई. पोळ्या लाटायला तिचा हात चालत होता, हळद लावायला चालत नव्हता. हळदीच्या जेवणाची भांडी घासायला पुन्हा चालत होता. तिच्या भावकीतली माणसं गळ्यात लिंग बांधतात आणि आमच्यात विटाळ पाळत नाहीत असं परगावच्या पाहुण्याला छाती पुढं काढून सांगतात. त्यांच्या शरणांनी, म्हणजे संतांनी, तो कैक शतकांमागंच मोडून काढला, हे खरंच आहे. फक्त छबूबाईच्या गल्लीपर्यंत ती खबर अजून पोचायची होती.

मग बायांची कंपनी निघाली आणि तिला पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी विचारलं.

कंपनी म्हणजे कारखाना-बिरखाना नव्हे. आसपासच्या पाच गावांतल्या शेतकरी बाया सभासद, सरकारदरबारी नोंदणी, सोसायटीच्या रिकाम्या गोदामात एक चाळणी-यंत्र, आणि हे सगळं बघायला शिवानी नावाची मुलगी. शिवानी कृषी पदविका करून आलेली, गंगाखेडहून रोज स्कूटीवर यायची. धंदा सरळ होता. घरोघरचं सोयाबीन गोळा करायचं, चाळायचं, निवडायचं आणि मृगाच्या तोंडावर बियाणं म्हणून विकायचं, दुकानातल्या पिशवीपेक्षा स्वस्त. पण सोयाबीनचं बी नाजूक. दिसायला मोत्यासारखं आणि पोटात मेलेलं, असंही असतं. म्हणून नियम असा की वैशाखात प्रत्येक बाईनं आपल्या घरच्या बियातले शंभर दाणे ओल्या बारदानावर मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपत राहायचं आणि आठवड्यानं उघडून किती दाण्यांना धड मोड आला ते मोजायचं. सगळ्या घरांचे आकडे एकत्र करायचे. सरासरी सत्तरच्या वर गेली तर माल बियाण्याचा, खाली आली तर सरळ मोंढ्याच्या बाजारात, तेलाच्या भावानं. कुणा एका शहाण्यानं ठरवायचं नाही, पुढाऱ्यानं तर नाहीच.

पहिल्या साली शिवानी स्वतः घरोघर फिरली. गुंडाळ्या तिनं आपल्या हातानं उघडल्या. पाटलाच्या घरचं बी पन्नासच निघालं, तिनं ते बाजूला काढायला लावलं, पाटलीण पुढं कितीतरी दिवस तिच्याशी बोलली नाही. पण कंपनीचं बी रानात असं गच्च उगवलं की दुसऱ्या साली लोक विचारत आले.

पहिल्या सालच्या त्या फेरीतच शिवानी छबूबाईच्या ओट्यावर टेकली होती.

"मावशी, तुमचा आकडा सांगा."

"माझा?" छबूबाईनं मागं वळून बघितलं, मागं कुणी उभं आहे की काय म्हणून. "मला दीड एकर हाय फकस्त."

"दीड एकर असू द्या की. एक बाई, एक आकडा."

एकोणऐंशी आले होते. शिवानीनं ते मोबाईलवर टिपलं आणि छबूबाईला दाखवलं. कंपनीची अध्यक्ष महानंदा, गावातल्या मोठ्या किराणा दुकानदाराची, शिवमूर्तीची बायको. तिच्या आकड्याच्या बरोबर खाली छबूबाईचा आकडा होता आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरात होता. छबूबाईला वाचता येत होतं चौथीपर्यंतचं. तिनं ते दोनदा वाचलं.

तिसऱ्या साली कंपनी वाढली. एवढ्या घरांत शिवानी एकटी कुठं फिरणार? महानंदा म्हणाली, आपण कार्यक्रम घेऊ. महादेवाच्या देवळासमोर मंडप टाकू, बँकेच्या साहेबांना बोलवू, एकेक बाई उठून आपला आकडा सांगेल, चार लोकांत बायांची मान ताठ होईल. आणि ज्या घरचं बी सगळ्यात जास्त उगवलं, त्या बाईची खण-नारळानं ओटी भरू. महानंदा वाईट बाई नव्हती. तिला बायांना मान द्यायचा होता. नेमकं तिथंच वाटोळं झालं. बियाचा हिशेब ज्या दिवशी ओटीला नेऊन बांधला, त्या दिवसापासून तो बियाचा राहिला नाही, घराच्या अब्रूचा झाला. आपल्याकडं बाईच्या कुशीला आणि घरच्या बियाला एकाच तराजूत घालतात. घरचं बी वांझ निघालं असं भर मंडपात कोण सांगणार?

आणि ते साल नेमकं खोटं. काढणीच्या ऐन भरात पाऊस आला होता. कापून टाकलेले ढीग भिजले, शेंगांच्या आतच दाणे फुगले, वाळल्यावर पुन्हा गोल गरगरीत दिसू लागले. प्रत्येक बाईला आपल्या ढिगाचं काय झालं ते ठाऊक होतं. दुसरीच्या ढिगाचं ठाऊक नव्हतं.

छबूबाईच्या गुंडाळीत चौपन्न मोड निघाले. तिनं पुन्हा शंभर दाणे लावले, तर बावन्न. तिला काही वाटलं नाही. पाऊस पडला, बी भिजलं, त्यात लाजायचं काय? ओटी तर तिची भरायचीच नव्हती, विधवेची कोण भरतं? अख्ख्या पाच गावांत खोटं बोलून जिचा काडीचा फायदा नव्हता अशी ती एकटी बाई होती.

मंडप भरला. महानंदा पहिली उठली, अध्यक्ष म्हणून मान तिचाच.

"म्हादेवाच्या किरपेनं आमचं अठ्ठ्याऐंशी."

टाळ्या पडल्या. खेळ तिथंच संपला होता, फक्त कुणाला कळलं नाही. अठ्ठ्याऐंशीच्या मागं उठून साठ म्हणणारी सून त्या गावात अजून जन्मायची आहे. त्र्याऐंशी आले, शहाऐंशी आले. एका सुनेनं तोंड उघडायच्या आधी तिची सासूच म्हणाली, "लिव की गं, पंच्याऐंशी. आमच्या घरचं बी कवा खाली गेलंय?" सून खाली बघत बसली. प्रत्येक बाई मनात म्हणत होती, एवढ्या सगळ्यांचं चांगलं आलं, माझ्याच घरात काय खोट निघाली? आणि उठून आकडा वाढवून सांगत होती. पाटलीण शेवटाला थांबली होती. पहिल्या सालचा सूड तिनं एकोणनव्वदनं घेतला.

छबूबाईची पाळी मधे कुठंतरी आली होती. माईक तोंडाशी धरायची सवय नव्हती, आवाज मोठाच गेला.

"चौपन्न."

"किती म्हणालात, मावशी?" शिवानीनं मान वर केली.

"चौपन्न. दोन डाव लावलं. दुसऱ्या डावाला बावन्न आले."

मागल्या सतरंजीवर खसखस पिकली. "हात कुनाचा लागलाय ते बगा की," कुणीतरी हळू म्हटल्यासारखं मोठ्यानं म्हटलं. "दान्याला बी कळतंय."

"ए, गप बसा गं." महानंदा खरंच चिडली. मग समजुतीच्या सुरात म्हणाली, "छबूमावशी, नजर कमी झालीय तुमची. मोड बारीक असतंय, सुटलं असंल डोळ्यांतून."

शिवानी मोबाईलकडं बघत होती. तिनं जे केलं ते तिला पुस्तकात शिकवलेलंच होतं. "आतापर्यंत सगळ्या ऐंशीच्या पुढं आहेत. हा एकच आकडा फार वेगळा पडतोय, बहुतेक मोजण्यात चूक आहे. मी काढून टाकते, उगाच सरासरी बिघडायला नको."

"काढून म्हंजी?"

"म्हणजे तुमचा धरत नाही, मावशी. बाकीच्यांचा धरते."

असे शब्द छबूबाईनं आयुष्यभर ऐकले होते. हळदीत धरत नाही, बारशात धरत नाही, नव्या नवरीच्या गृहप्रवेशात समोर धरत नाही. तेव्हा तिनं पदर सारखा करून मागच्या दाराची वाट धरलेली होती. पण इथं तिचा आकडा होता. सगळ्यांच्या खालोखाल, तेवढ्याच अक्षरात. तीन सालांत तिनं कुणाकडं काही मागितलं नव्हतं, एवढं एक तिला हवं होतं.

"थांब बाई," ती म्हणाली. "मीच चुकले असंन मोजायला. चौऱ्याऐंशी लिव."

"नक्की?"

"लिव की."

टाळ्या झाल्या. खाली बसताना शेजारच्या बाईनं सरकून तिला जागा दिली. ती ऊब छबूबाईला पुढं कितीतरी दिवस आठवत राहिली.

सरासरी ऐंशीच्या वर गेली. बँकेच्या साहेबांनी भाषणात सांगितलं की असा शास्त्रशुद्ध निर्णय परभणी जिल्ह्यात कुठं होत नसेल. पाटलिणीची ओटी भरली. माल बियाण्याचा ठरला, पिशव्या शिवल्या, पाच गावांत आणि पाच गावांबाहेर गेला.

छबूबाईच्या भिंतीला भिंत लागून राणीचं घर. राणी आणि तिचा नवरा सिद्धोधन दरसाल दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे, होळीच्या आसपास परतायचे. कंपनीच्या सभासद-नोंदणीच्या बैठका नेमक्या हिवाळ्यात व्हायच्या, तेव्हा राणी कुठल्यातरी कारखान्याच्या फडात कोयता चालवत असायची. त्यामुळं तिचा आकडा कुणी कधी घेतलाच नाही. मुलगी स्वप्ना सोबत फिरायची. पाचवी पास झाली होती कागदावर, वाचता यायचं दुसरीचं. या साली राणीनं मनाशी पक्कं केलं होतं की जायचं नाही. गावातल्या चंद्रभानचं दोन एकर रान त्यांनी बटाईनं, अर्ध्या वाट्यावर घेतलं. सोयाबीन नीट आलं तर हिवाळा गावातच काढायचा, पोरीला सहावीत एक साल तरी सलग बसवायचं. सोयाबीन आलं नाही तर ऊसतोडीचा मुकादम बन्सीधर पोळ्यानंतर दारात उभा राहणारच होता.

एका दुपारी ती छबूबाईच्या ओट्यावर येऊन बसली. दोघींचा चहा एकाच पातेल्यात व्हायचा, त्यात विटाळाचा प्रश्न दोन्ही बाजूंनी कधी आला नव्हता.

"मावशी, कंपनीचं बी घिऊ का दुकानातली पिशवी घिऊ? मला न्हाई कळत. तुमी म्हनाल तसं."

"सगळ्या जनींनी मोजलंय की. माझ्या एकटीच्या मोजन्यात काय हाय?"

"तुमचं किती आलतं?"

छबूबाईनं चहा गाळला. गाळणी आपटून झाली, पातेलं विसळून झालं. एकदा माईकवर बोललेलं खोटं दुसऱ्यांदा बोलायला फारसं अवघड जात नाही, पण ऐकणारं माणूस बघून बोलावं लागतं.

"चौऱ्याऐंशी."

"मग काय बघायचं," राणी म्हणाली. "तुमच्या हाताचं आकडं खरंच असतंय."

पेरण्या झाल्या. पाऊसही बरा झाला, दोष द्यायला तोही जागा ठेवून गेला नाही. पण रानात पिकाचं तास, सरळ ओळ दिसेना. कुठं एक रोप, कुठं वीतभर रिकामं, कुठं दोन हात रिकामं. राणी तासाच्या कडेला बसून बोटानं माती उकरत होती. छबूबाई तिच्या मागं उभी. राणीनं एक दाणा काढून तळहातावर धरला, फुगलेला, बुळबुळीत, कुबट वासाचा.

"बगा ओ मावशी. फुगलंय, पर फुटलं न्हाई."

मग दोघींनी आठवडाभर नांग्या भरल्या, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा एकेक दाणा टोकला. पुन्हा तेच बी, दुसरं आणणार कुठून? चंद्रभान बांधावरून म्हणाला, रान माझं, बी तुमचं, माझ्या नावानं बोंबलू नका. पोळ्याला राणीच्या रानात सोयाबीनपेक्षा गवत उंच होतं.

गोदामापुढं लोक जमले. परगावचे शेतकरी रिकाम्या पिशव्या घेऊन आले, शिव्याही घेऊन आले. एकानं कुजक्या दाण्यांची मूठ शिवानीच्या स्कूटीवर फेकली. "आमचे आकडे आहेत," ती सगळ्यांना मोबाईल दाखवत राहिली. "एवढ्या बायांनी मोजलेले आकडे आहेत." ती खोटं बोलत नव्हती. तिच्याजवळ खरंच आकडे होते. महानंदा म्हणाली, गोदामात दमटपणा लागला असंल. पाटलीण म्हणाली, लोकांनी खोल पेरलं असंल. बाकीच्या पदराची टोकं चावत बसल्या. छबूबाईही बसली. तिला वाटलं होतं कुणीतरी एक उठेल, म्हणजे मग आपल्याला उठता येईल. सगळ्याच तशा वाट बघत होत्या.

बन्सीधर मुकादम आला. राणीनं त्याच्याकडून आगाऊ पैशांची उचल घेतली.

टोळीचा ट्रक सकाळी उन्हं वर यायच्या आत वेशीत लागला. भांडी, गोधड्या, कोयते, कोंबड्यांची पाटी, म्हातारी माणसं, सगळं चढत होतं. छबूबाईनं फडक्यात धपाटे बांधून आणले होते. राणी बोचकं आवळत होती, सिद्धोधन वर चढून पोरीला जागा करत होता.

"राणी, माझं चौपन्न आलं व्हतं."

"काय चौपन्न?"

"बी. शंभरातलं. मी तुला चौऱ्याऐंशी सांगितलं."

राणीचे हात गाठीवर थांबले. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं छबूबाईला नंतर वाटत राहिलं.

"का वं मावशी?"

"मला काढायल्या व्हत्या."

"कशातून?"

"आकड्यातून. सगळ्यांचा धरू, तुजा धरत न्हाई म्हनल्या."

राणीनं नाकातून श्वास सोडला, हसल्यासारखा. "आमी कुटं हाव आकड्यात? आमाला कवा धरलंय कुनी?" तिनं गाठ मारली, पुन्हा एकदा मारली. "मंडपात न्हाई बोलता आलं, मी समजते. बाया खात्यात जित्तं. पर ओट्यावर आपुन दोघीच हुतो की, मावशी. मला एकटीला सांगितलं असतं तरी बास हुतं."

तिनं धपाट्यांचं फडकं घेतलं. घेतलं नसतं तर छबूबाई तिथंच बसली असती. मग चाकावर पाय देऊन ती वर गेली आणि ट्रक हलला तेव्हा तिचं तोंड दुसरीकडं होतं.

त्याच महिन्यात कंपनीची बैठक लागली, बियाण्याचा धंदा बंद करायचा म्हणून. मंडप नाही, माईक नाही, बँकेचे साहेब नाहीत. गोदामात पोत्यांवर बसलेल्या चाळीसेक बाया. शिवानीनं सांगितलं की बाहेरची गावं पुन्हा आपलं बी घेणार नाहीत, आणि चूक कुठं झाली ते मला अजून कळत नाही, ते कळलं नाही तर पुढं दुसरं काही करण्यातही अर्थ नाही.

छबूबाई उठली.

"माझं चौपन्न हुतं. मी खोटं लिवायला लावलं." एवढं बोलून ती खाली बसणार होती, पण उभीच राहिली. "राणीनं माझ्या शब्दावर पेरलं. ती गेली कोयत्याला. पोरगी बी गेली संगं."

मग जिच्या सासूनं पंच्याऐंशी लिहायला लावले होते ती सून, सासूकडं न बघता म्हणाली, "आमचं सत्तावन्न." कोपऱ्यातून एकोणपन्नास आलं. मग साठ. मग एकदम तीन-चार जणी. महानंदाचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. ती सगळ्यात शेवटी म्हणाली, "एकसष्ट. मालकांनी म्हनलं, अध्यक्षाचं एवढं कमी कसं सांगतीस." पाटलीण उठून निघून गेली, तिचा आकडा काही कळला नाही.

शिवानी मान खाली घालून एकेक आकडा घेत होती. बेरीज झाली. सरासरी छप्पन्न.

गावाला सगळं ठाऊक होतं. पण एकेकीला आपल्या घरापुरतंच ठाऊक होतं, आणि ते एकत्र करायला म्हणून जो मंडप घातला, त्यातच ते मारलं. हे कुणी कुणाला शिकवायची गरज नव्हती. शिवानी छबूबाईजवळ येऊन म्हणाली, "मावशी, मी तुमचाच तेवढा खरा आकडा काढून टाकत होते." छबूबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. कुमारिकेच्या डोक्यावर आपला हात चालतो की नाही, हे तिला अजूनही नक्की ठाऊक नव्हतं.

त्यानंतर एका दुपारी राणीचा फोन आला, सिद्धोधनच्या मोबाईलवरून. मागं ट्रॅक्टरचा आवाज होता, कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं.

"मावशी, कशा हाव?"

"बरी हाय. तू?"

"बरीच की. घर बगताव न्हवं?"

"रोज झाडते." छबूबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "राणी, मी सांगितलं बग. समद्यांम्होरं सांगितलं. मग समद्यांनी सांगितलं. शिवानी म्हन्ती, हितून म्होरं कसला बी निर्नय असू दे, चिठ्ठ्या टाकून घ्यायचा, चिठ्ठीवर नाव न्हाई लिवायचं. नोंदनी बी मिरगाच्या टायमाला करायची म्हन्ती, तुमी गावात असताव तवा."

पलीकडं ट्रॅक्टरचा आवाज वाढला आणि उतरला.

"बरं झालं," राणी म्हणाली.

"स्वप्ना कुटं हाय? दे की तिला."

"तिकडं हाय फडात. वाढं बांधायलीय." उसाच्या शेंड्यांच्या पेंढ्या बांधून विकायचं काम टोळीतल्या पोरींकडं असतं. "हात कापलाय जरासा. मुकादम आला बगा, ठिवते."

छबूबाई फोन कानाला तसाच लावून बसली. आवाज कधीच थांबला होता. शेजारच्या घराला कडी होती. तिनं उठून खराटा घेतला आणि सकाळीच झाडलेलं राणीचं अंगण पुन्हा झाडायला लागली.